पक्षाघातानंतरचा हात : यंत्र आणि अभ्यास



आद्यकवी मुकुंदराज आणि संतकवी दासोपंत यांच्या समाधींनी पावन झालेली ही अंबाजोगाई आहे. निजामी राजवटीत हिचे नाव मोमिनाबाद होते आणि त्याच प्रतिकूल काळात स्वामी रामानंद तीर्थांनी येथे राष्ट्रीय विचारांच्या शाळेचे काम उभे केले. १९७४ मध्ये सुरू झालेले येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांचेच नाव धारण करते. आशिया खंडातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. वैद्यकशास्त्राने खेड्याच्या वेशीपर्यंत आले पाहिजे, ही अपेक्षा त्या ‘ग्रामीण’ शब्दात सामावलेली आहे. आजच्या विषयाकडेही त्याच अपेक्षेने पाहावयाचे आहे.

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा हलावा यासाठी मेंदूला चुंबकाने अथवा विजेने उत्तेजित करण्याच्या पद्धती, हा आजचा विषय. वरवर पाहता तो महानगरांतील संशोधनसंस्थांचा वाटतो. परंतु या पद्धतींच्या बातम्या आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून केज, धारूर, पाटोद्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. बातमी पोहोचली की आशा जागी होते, आणि आशा जागी झाली की दावणीची जनावरे विकून पैसा उभा करण्याची तयारी होते. अशा वेळी या उपचारांचे खरे मोल किती, हे समजून घेणे ही चैन नसून निकड ठरते.

अर्धा कोयता

बीड जिल्ह्यात हाताचे मोल काय असते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. या जोडीच्या भरवशावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते. घराची डागडुजी, मुलीचे लग्न, दवाखाना हे सारे त्या उचलीतूनच पार पडलेले असते.

समजा, अशा जोडीतील पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या पुरुषाचा उजवा हात एका पहाटे उचलेनासा झाला, तोंड वाकडे झाले, शब्द जड झाले. त्या क्षणी केवळ एक माणूस आजारी पडत नाही, कोयता मोडतो. उचल मात्र तशीच राहते. घरी परतल्यावर हात छातीशी कापडात गुंडाळलेला, बोटे मुठीत आवळलेली, आणि गावात एकच वाक्य: ‘अंगावरून वारं गेलं.’

हा शब्दप्रयोग जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणात पक्षाघाताचे वर्णन आहे. रोगाची ओळख आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. पण त्या शास्त्राची निरीक्षणशक्ती बाजूला पडली आणि ‘वारं’ तेवढे उरले. त्यातून कोठे कबुतराच्या रक्ताचे मर्दन, कोठे गंडेदोरे असे प्रकार रुजले. त्यात पैसा जातो, आणि पैशापेक्षाही अमूल्य अशी वेळ जाते.

हा प्रश्न खेड्यांचा नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते आणि त्यांतील सुमारे ८७ टक्के माणसे घरीच दगावली होती.

मेंदूत नेमके काय घडते?

बहुतांश रुग्णांत मेंदूला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते. काहींत ती फुटून रक्तस्राव होतो. दोन्हींत मेंदूचा एक भाग रक्ताला पारखा होतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. म्हणून हाताची लढाई पहिल्या तासांतच सुरू होते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांत मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. तिच्यासाठी काही वेळा २४ तासांपर्यंतही अवधी मिळतो. पण गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. त्यामुळे घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळी देणे किंवा तोंडात पाणी ओतणे हे दोन्ही धोक्याचे आहे. चेहरा वाकडा, हात खाली पडणारा, बोलणे अडखळणारे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी घड्याळ पाहावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

जो भाग मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी काहींचा हात हलू लागतो तो कसा? याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. हातापायांच्या हालचालीची आज्ञा मेंदूच्या पृष्ठभागावरील एका पट्ट्यातून निघते. १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा विरुद्ध बाजूचे पाय हलले. मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून निघालेल्या बहुतेक तंतूंची वाट खाली उतरताना ओलांडून उजव्या अंगाला जाते, म्हणून डाव्या मेंदूतील आघाताने उजवा हात लुळा पडतो. आघातानंतर मेलेल्या भागाच्या अवतीभवती काही पेशी जिवंत असूनही मूक झालेल्या असतात. काही तंतू शाबूत असतात. या उरलेल्या मनुष्यबळावर मेंदू नवी जुळणी करतो. एखाद्या पुलाचे वाहून जाणे आणि गावकऱ्यांनी शेताच्या बांधावरून नवी पायवाट पाडणे, असाच हा प्रकार आहे. पायवाट माणसांच्या ये-जा करण्यानेच पडते, आणि मेंदूतील वाटही वारंवार वापरानेच पडते.

यात आणखी एक गोष्ट आहे. मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना आवरून धरतात. बैलजोडीतील एक बैल दुबळा झाला की दुसरा जू आपल्याकडे ओढतो, तसे आघातानंतर निरोगी अर्धा आजारी अर्ध्याला अधिकच दाबतो, असा एक सिद्धान्त मांडला गेला. सबळ बैलाला थोडे आवरावे किंवा दुबळ्याला थोडी चेतना द्यावी, या कल्पनेतून उत्तेजनाच्या बहुतेक पद्धती निघाल्या.

चुंबक आणि वीज

१८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिले की बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात विद्युत्प्रवाह निर्माण करते. या नियमाचा आधार घेऊन १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरले, त्यातून क्षणभर प्रबळ प्रवाह सोडला, आणि त्या माणसाचा हात हलला. कवटी उघडली नाही, सुई टोचली नाही. चुंबकीय क्षेत्र हाडातून विनासायास पार होते आणि आत मेंदूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म प्रवाह निर्माण करते. त्याची पोच दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत असते. असे ठोके ठरावीक गतीने वारंवार दिले की तो उपचार होतो. साधारणपणे सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी तो भाग शांत होतो, आणि सेकंदाला पाच-दहा अशा जलद ठोक्यांनी उत्तेजित होतो. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टीएमएस’ म्हणतात.

दुसरी पद्धत त्याहून साधी आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधून एक-दोन मिलिअँपिअर इतका मंद, एकाच दिशेचा प्रवाह सोडायचा. २००० मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथे निट्शे आणि पाउलुस यांनी दाखविले की यामुळे हालचालीच्या पट्ट्याची उत्तेजनक्षमता काही काळ बदलते. या प्रवाहाने हात हलत नाही. पेशी आज्ञा देण्यास थोड्या अधिक तयार होतात, एवढेच.

तिसरी पद्धत मेंदूला थेट हात न लावणारी आहे. मानेतून जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूभोवती तार गुंडाळायची, छातीवर त्वचेखाली एक छोटे यंत्र बसवायचे. रुग्णाने पेला उचलण्याची अथवा हात पुढे करण्याची हालचाल केली, की प्रशिक्षकाने कळ दाबायची आणि अर्ध्या सेकंदाचा विद्युत्संदेश वर पाठवायचा. ‘हे लक्षात ठेव’ असा जणू तो मेंदूला दिलेला इशारा असतो. चौथी पद्धत शस्त्रक्रियेने मेंदूच्या आत तार बसविण्याची. कंपवातात ती दीर्घकाळ वापरात आहे, पक्षाघातात मात्र प्रयोगावस्थेत आहे.

चाचण्यांचा कौल

आता मुख्य प्रश्न. याचा उपयोग होतो का? येथे भक्तिभाव नको आणि तुच्छताही नको. पुरावा काय सांगतो ते पाहावे.

२००५ मध्ये इजिप्तमधील असिऊत येथे ५२ रुग्णांना आघातानंतर लवकरच दहा दिवस चुंबकीय उत्तेजन अथवा त्याचा खोटा आभास देण्यात आला. खरा उपचार मिळालेल्यांत सुधारणा अधिक दिसली. अशा अनेक लहान अभ्यासांच्या आधारे २०२० मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी मार्गदर्शक निष्कर्ष प्रसिद्ध केले. आघातानंतरच्या सुरुवातीच्या टप्प्यात निरोगी बाजूला संथ ठोके दिल्यास हाताला लाभ होतो, या विधानाला त्यांनी सर्वोच्च श्रेणी दिली.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील १२ केंद्रांत १९९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यातील रुग्णांना आघात होऊन तीन ते बारा महिने उलटले होते. एका गटाला निरोगी बाजूवर खरे संथ ठोके, दुसऱ्याला खोटे. त्यानंतर दोघांनाही सारखाच हाताचा सराव. सहा महिन्यांनी खऱ्या गटातील ६७ टक्के रुग्ण लक्षणीय सुधारले होते, खोट्या गटातील ६५ टक्के! म्हणजे चुंबकाने भर घातली नाही. पण दोन्ही गटांतील जवळजवळ दोन तृतीयांश माणसे सुधारली, हेही त्याच चाचणीने सांगितले. त्यांच्यात समान होता तो सराव.

त्याही आधी, २००८ मध्ये, मेंदूच्या आवरणावर शस्त्रक्रियेने तारा बसवून उत्तेजन देण्याची अमेरिकेतील मोठी चाचणी आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नव्हती. लहान चाचण्यांत चमकलेली कल्पना मोठ्या चाचणीत निस्तेज व्हावी, असे वैद्यकशास्त्रात वारंवार घडते. बैलजोडीचा तो सिद्धान्तही सर्व रुग्णांना लागू पडत नाही, हे आता मान्य झाले आहे. ज्यांच्या आजारी बाजूत फारच थोडे उरले आहे, त्यांच्यात निरोगी बाजूच आधार देत असते. तिलाच शांत केले तर उपकाराऐवजी अपकार व्हायचा.

आशेला जागा आहे ती व्हेगसच्या पद्धतीत. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रिटन आणि अमेरिकेतील १०८ रुग्ण होते. त्यांच्या आघाताला नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतचा काळ लोटला होता. सर्वांना यंत्र बसविले, पण निम्म्यांनाच खरा प्रवाह दिला. सराव सर्वांनाच होता. रुग्णालयातील सहा आठवड्यांचा सराव संपल्यानंतर तीन महिन्यांनी खऱ्या गटातील ४७ टक्के आणि दुसऱ्या गटातील २४ टक्के रुग्णांत हाताची अर्थपूर्ण सुधारणा आढळली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला मान्यता दिली. लहान मेंदूत खोलवर तार बसविण्याचा प्रयोग क्लीव्हलँड येथे १२ रुग्णांवर झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ जण सुधारले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून इतक्यात निर्णय करता येत नाही.

या सर्व प्रयोगांत एक सूत्र आहे. कोणत्याही पद्धतीत रुग्ण पडून राहिला आणि यंत्राने हात परत आणला, असे घडलेले नाही. चुंबक असो, वीज असो, त्यांचे काम जमीन भुसभुशीत करण्याचे आहे. पेरणी सरावाची. नांगरट करून शेत मोकळे सोडले तर त्यात तणच माजेल.

किती सराव, कोणता सराव?

येथे पाश्चात्त्य रुग्णालयांचाही दोष उघड झाला आहे. २००९ मध्ये कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील उपचारसत्रांचे निरीक्षण केले. हाताच्या उपयुक्त हालचालींची आवर्तने एका सत्रात सरासरी अवघी ३२ भरली. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूची नवी जुळणी दिसते ती दिवसाला शेकडो आवर्तनांनंतर. योगशास्त्राने अभ्यासाचे लक्षण सांगताना दीर्घकाळ, अखंड आणि श्रद्धापूर्वक या तीन गोष्टींवर भर दिला आहे. लुळ्या हाताला लागणारा अभ्यास हाच.

एडवर्ड टॉब यांनी विकसित केलेल्या पद्धतीत चांगला हात जागेपणीच्या बहुतांश वेळात हातमोज्यात अडकवून ठेवतात आणि दोन आठवडे दररोज कित्येक तास आजारी हातालाच कामाला लावतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीचा लाभ स्पष्ट दिसला. अट एकच, मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता आली पाहिजेत. दुसरी पद्धत चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले शास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांच्या कल्पनेतून आली. तुटलेल्या हाताच्या वेदनांसाठी त्यांनी आरशाचा उपयोग केला. १९९९ मध्ये तीच युक्ती पक्षाघातात वापरून पाहण्यात आली. चांगला हात आरशासमोर, आजारी हात आरशामागे. चांगला हात हलतो तेव्हा प्रतिबिंबात आजारी हातच हलत असल्याचा भास मेंदूला होतो. २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यासांतील १९८२ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली आणि हालचालीत सुधारणा होते असा निष्कर्ष निघाला. या उपचाराचे साहित्य म्हणजे एक आरसा. तो कोणत्या घरात नाही?

वेळेचेही गणित आहे. आघातानंतरच्या पहिल्या २४ तासांत रुग्णाला वारंवार उठवून चालविण्याची घाई केल्यास फायद्याऐवजी तोटा होतो, असे २०१५ च्या २१०४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. २०२१ च्या ७२ रुग्णांच्या अमेरिकेतील अभ्यासात २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या काळी दिला गेला. सर्वाधिक लाभ झाला तो आघातानंतर दोन-तीन महिन्यांनी सराव मिळालेल्यांना. सहा महिन्यांनंतर तोच सराव तितका फळला नाही. पेरणीची वाफ निघून गेल्यावर बियाणे टाकण्यासारखेच ते. दार पूर्ण बंद होत नाही, व्हेगसच्या चाचणीने ते दाखविले आहे, पण ते अरुंद होत जाते.

कोणाचा हात किती परत येईल, याचा अंदाजही यंत्राविना बराचसा बांधता येतो. नेदरलँड्समधील २०१० च्या अभ्यासात, पहिल्या तीन दिवसांत ज्यांना बोटे थोडी उघडता आली आणि खांदा बाजूला थोडा उचलता आला, त्यांना सहा महिन्यांत हाताचे काही कौशल्य परत मिळण्याची शक्यता ९८ टक्के आढळली. ज्यांना दोन्ही जमले नाही, त्यांच्यात ती २५ टक्के होती. न्यूझीलंडमधील संशोधकांनी ज्यांच्यात ही शक्ती कमी आहे अशांसाठीच चुंबकीय ठोक्याचा वापर कसोटी म्हणून केला. ठोका दिल्यावर हाताच्या स्नायूत प्रतिसाद उमटला तर वाट शाबूत आहे असे समजायचे. खरे तर चुंबकाचा हा उपयोग उपचाराइतकाच मोलाचा आहे. कोणावर किती अपेक्षा ठेवावी, हे तो सांगतो.

कुटुंबाची शक्ती आणि तिची मर्यादा

यावर कोणी म्हणेल, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, घरची माणसेच सराव करून घेतील. या विचाराची परीक्षा आपल्याच देशात झाली आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेली ‘अटेंड’ ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटातील कुटुंबीयांना घरच्या पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत अथवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के होते.

हा निष्कर्ष कटू आहे, पण तो लपवून चालणार नाही. कुटुंब निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. थोड्या शिकवणीवर सारा भार कुटुंबावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. गवंड्याशिवाय घरच्यांनी भिंत बांधावी आणि ती ओळंब्यात यावी, ही अपेक्षा गैर आहे. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाने, म्हणजे फिजिओथेरपिस्टने, दिशा द्यावी, दर आठवड्याला पाहावे, कठीणपणा वाढवीत न्यावा आणि मधल्या दिवसांत घराने आवर्तने पूर्ण करावीत. दोन्ही चाके लागतात.

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. एखाद्या मोठ्या शहरात एक महागडे यंत्र आणि त्यापर्यंत जाण्यासाठी दररोज शेकडो किलोमीटरचा प्रवास, की प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी पक्षाघाताच्या सरावाचे शिक्षण घेतलेला एक माणूस, असा पर्याय ठेवला तर आजच्या पुराव्याचा कौल दुसऱ्या बाजूला पडतो. यंत्र पुढे स्वस्त होईल, चाचण्यांत टिकेल, तेव्हा ते अवश्य यावे. पण ते येईल त्या दिवशीही त्याच्या शेजारी उभा राहणारा हा माणूस लागणारच आहे. म्हणून मागणी करायची तर आधी त्याची करावी. ऊसतोडीच्या हंगामात आघात झालेला मजूर गावी परततो तेव्हा त्याचे मोलाचे दोन-तीन महिने सुरू असतात आणि कर्ती माणसे फडात असतात. त्या काळात त्याला तालुक्याला नेणारे कोणी असावे, यासाठी गावातील तरुण मंडळे, महिला मंडळे यांनी पाळी लावून घेणे अशक्य नाही.

फसवणुकीपासून सावधान

जेथे दुःख मोठे तेथे बाजारही मोठा. मूळपेशींच्या इंजेक्शनाने लकवा बरा होतो, अशा जाहिरातींनी अनेक कुटुंबे भुलली. आपल्याच देशातील पाच केंद्रांत १२० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला, उपचार निर्धोक पण लाभ नाही. उद्या हाच बाजार चुंबकाच्या नावाने बसू शकतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत. यंत्राबरोबर दररोज किती वेळ हाताचा सराव करून घेणार? आघाताला इतका काळ लोटलेल्या रुग्णांत खोट्या उपचाराशी तुलना करून याचा लाभ दिसला आहे का? सुधारणा कोणत्या मोजमापाने ठरविणार आणि ती दिसली नाही तर कधी थांबणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सरावाची गरज नाही’ असे आले, तर तेथून सरळ उठावे. डोक्यात धातूचा तुकडा, कानातील रोपण, हृदयाचा पेसमेकर किंवा अपस्माराचा इतिहास असेल तर ते आधीच सांगावे. चुंबकीय उपचारात क्वचित झटके येऊ शकतात.

आणि घरी काय करावे? लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू नये, खांदा निखळतो. हात उशीवर टेकवून आधार द्यावा. तज्ज्ञाने परवानगी दिली की ताटात ज्वारीचे दाणे घेऊन एकेक वाटीत टाकणे, शेंगा सोलणे, दाराची कडी लावणे-काढणे, रिकामा तांब्या उचलून ठेवणे ही कामे मोजून करावीत. भिंतीवर खडूने रेघा ओढाव्यात. आज चाळीस, पुढच्या आठवड्यात साठ. रुग्ण चिडेल, रडेल. आघातानंतर खिन्नता येणे हाही आजाराचाच भाग असून त्यावर उपचार आहेत. त्याला आळशी म्हणू नये आणि त्याच्या हातातील घासही घाईने काढून घेऊ नये. सेवेच्या भरात सर्व काही आपणच करणे म्हणजे त्या हाताची राहिलेली संधी हिरावून घेणे होय. आणि ज्यांचा हात अजून शाबूत आहे, त्यांनी रक्तदाब मोजून घ्यावा, गोळ्या मध्येच सोडू नयेत, तंबाखू सोडावी. पक्षाघाताचा सर्वांत स्वस्त उपचार तोच आहे.

बंधुभगिनींनो, विज्ञानाने मेंदूला बाहेरून हाक मारण्याची विद्या साध्य केली आहे, ही सामान्य गोष्ट नव्हे. तिचा आदर करावा, तिच्या प्रगतीकडे डोळे लावून बसावे. परंतु हाकेला उत्तर देण्याचे काम त्या माणसाच्या उरलेल्या पेशींनाच करावे लागते, आणि ते त्या शिकतात रोजच्या शेकडो आवर्तनांतून. गावात एखाद्याचा कोयता अर्धा झाला असेल, तर आज घरी जाताना त्याच्याकडे डोकवावे. आघात कधी झाला ती तारीख विचारावी. सहा महिने झाले नसतील, तर उद्याच त्याला तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन जावे. झाले असतील, तरीही न्यावे.